शेवटचा एक यार्ड

सप्टेंबर २००४. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध ओकलंड रेडर्स, सीझनची पहिलीच मॅच. स्टीलर्सच्या जेरोम बेटिसने त्या मॅचमध्ये पाच वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि पाचही वेळा मिळून अंतर कापलं १ यार्ड. हो, एकच! म्हणजे साधारण आपल्या होस्टेलच्या कॉटची रुंदी. एखाद्या बॅट्समनने पाच ओव्हर खेळून एक रन काढावा, तसा हा आकडा दिसतो. पण त्या पाच धावांपैकी तीन धावा टचडाउन होत्या. एका टचडाउनचे ६ पॉइंट्स, म्हणजे एका यार्डात १८ पॉइंट्स. आणि स्टीलर्स ती मॅच जिंकले २४-२१, म्हणजे फक्त तीन पॉइंट्सनी.

मित्रांनो, अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यासमोर हेल्मेट घातलेले रेडे एकमेकांवर आदळताहेत एवढंच चित्र येतं. गोल लाइनजवळ तर हे चित्र अगदी पक्कं होतं. एक ढीग पडतो, शिट्टी वाजते, रेफरी हात वर करतो किंवा करत नाही. यात डोकं कुठे आलं? माझं म्हणणं असं, की संपूर्ण मैदानात रनिंग बॅकला सगळ्यात कमी वेळात सगळ्यात नेमका निर्णय घ्यावा लागतो तो इथेच. आणि हा निर्णय मैदानाच्या मध्यावरच्या निर्णयापेक्षा जातकुळीनेच वेगळा असतो. हे का, ते जरा आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत मांडायचा प्रयत्न करतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. मैदान १०० यार्ड लांब (१ यार्ड म्हणजे ०.९१ मीटर), आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देतो तो ‘स्नॅप’. क्वार्टरबॅक तो घेतो आणि एक तर फेकतो, नाही तर मागून धावत येणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी नेऊन ठेवतो. रनिंग बॅकच्या पुढे आपली पाच जणांची लाइन असते: सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. यांचं काम समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणं. एवढं पुरे.

आणखी एक नियम मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टचडाउन होण्यासाठी माणूस आत पडावा लागत नाही. गोल लाइनवर एक काचेची उभी भिंत आहे अशी कल्पना करा. रनरच्या हातातल्या चेंडूचं नुसतं टोक त्या काचेत शिरलं की झालं! कबड्डीत रेडर मध्यरेषेला बोट टेकवायला अंग लांबवतो तसंच काहीसं. फक्त इथे बोट चालत नाही, चेंडू लागतो.

आता मुद्द्याकडे येऊ. मैदानाच्या मध्यावर रनिंग बॅकला दोन वाटा दिसल्या समजा. एका अरुंद फटीतून हमखास दोन यार्ड मिळतील. दुसऱ्या बाजूला बाहेरून वळसा घालून गेलं तर कदाचित चाळीस यार्ड मिळतील, पण पकडला गेला तर तीन यार्ड मागे. मोठे रनर पुष्कळदा दुसरी वाट घेतात आणि ते चूकही नाही. दहापैकी सहा वेळा फसलं तरी उरलेल्या चार वेळा सगळी भरपाई होते. पण हाच प्रश्न एक यार्डाच्या रेषेवर विचारा. तिथे ती चाळीस यार्डांची वाटसुद्धा एकाच यार्डाची होते! पुढे मैदानच नाही. कसंही गेलात तरी ६ पॉइंट्स, सातवा कोणी देत नाही. म्हणजे फायद्याला वरून झाकण बसलं, पण तोट्याला खालून झाकण नाही. एक यार्डावरून चार यार्डांवर मागे आलात तर पुढचा सगळा हिशोबच बदलतो. त्यामुळे मध्यावर ‘सरासरी जास्तीत जास्त यार्ड’ हे उद्दिष्ट असेल, तर इथे उद्दिष्ट होतं ‘एका यार्डाच्या पुढे जाण्याची शक्यता जास्तीत जास्त’. मॅथ्समध्ये ही दोन वेगळी गणितं आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स. माझ्या मते या खेळात इतका देखणा धावणारा दुसरा झाला नाही. १९८९ ते १९९८ या दहा सीझनमध्ये १५,२६९ यार्ड. त्यात एकट्या १९९७ च्या सीझनमध्ये २,०५३. तो मागे पळायचा, गिरकी घ्यायचा, तीन जणांना हवेत हात मारायला लावायचा आणि मग सुसाट सुटायचा. पण याच सवयीमुळे तो पुष्कळदा मागच्या मागे पकडलाही जायचा. डिसेंबर १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या प्लेऑफ मॅचमध्ये १३ धावांत त्याचे यार्ड झाले उणे १. आणि म्हणूनच गोल लाइनजवळ आल्यावर त्याचेच कोच काही वेळा त्याला बाहेर बसवून दुसऱ्याला आत पाठवायचे! सचिनला शेवटच्या ओव्हरला पॅव्हेलियनमध्ये बोलवावं असा प्रकार. चाहते अर्थातच चिडायचे.

त्याच काळातला एमिट स्मिथ बघा. उंची जेमतेम १७५ सेंटिमीटर, वेगही काही डोळे दिपवणारा नाही. कारकीर्दीत १८,३५५ यार्ड आणि धावून केलेले टचडाउन १६४. सँडर्सचे टचडाउन ९९. भागाकार केला तर सँडर्सला एका टचडाउनमागे सुमारे १५४ यार्ड लागले, स्मिथला ११२. आता हे खरं आहे की डॅलस काउबॉईजची लाइन डेट्रॉइटपेक्षा तगडी होती आणि त्यांची टीम गोल लाइनपर्यंत जास्त वेळा पोचायची, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या स्मिथच्या डोळ्यांना देता येणार नाही. पण त्याच्या धावा पाहिल्या तर एक गोष्ट जाणवते. मोठी वाट उघडेल म्हणून तो थांबत नाही. अर्ध्या माणसाएवढी फट दिसली की खांदा खाली घालून त्यात मुसंडी मारतो.

तुम्ही म्हणाल, फट दिसली की घुसायचं, यात काय मोठं? टीव्ही रूममध्ये बसून आपल्याला पण दिसते की फट! पण आपला कॅमेरा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर असतो. मॅडन खेळतानाही आपण वरूनच बघतो. रनिंग बॅक मात्र जमिनीवर असतो आणि त्याच्यासमोर १९० सेंटिमीटर उंचीच्या, १४० किलो वजनाच्या पाच-सात माणसांच्या पाठी असतात. मेसमध्ये रविवारी फीस्टच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहून पुढे गुलाबजाम उरलेत की नाही हे ओळखण्यासारखं आहे ते. दिसत काहीच नाही. पुढच्यांच्या पाठी आणि खांदे बघून अंदाज करायचा.

त्यात गोल लाइनजवळ गर्दीचं आणखी एक कारण आहे. एरवी डिफेन्सला लांबच्या पासची भीती असते, म्हणून त्यांचे एक-दोन सेफ्टी दहा-पंधरा यार्ड मागे उभे असतात. पण एक यार्डाच्या रेषेवर मागे फक्त दहा यार्डांचा एंड झोन उरतो. त्यापलीकडे झेल घेतला तरी चालत नाही. मग मागे राखण करण्यात अर्थच नाही. सगळे पुढे येऊन उभे राहतात. मैदानाची रुंदी तीच, पण खोली संपली. थ्री-डीचा प्रॉब्लेम टू-डी झाल्यासारखं होतं.

आता माणसं मोजू. अकरा विरुद्ध अकरा. पण आपल्या अकरातला एक चेंडू घेऊन पळतोय आणि क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा झालाय. म्हणजे अडवायला, ब्लॉक करायला उरले नऊ. समोर मात्र अकराच्या अकरा. एरवी जे दोन जास्तीचे असतात ते लांब मागे असतात, म्हणून चालून जातं. इथे तेही दारातच. म्हणजे सगळ्यांनी आपापलं काम शंभर टक्के बरोबर केलं तरी एक-दोन माणसं मोकळी राहणारच. हा कोणाचा दोष नाही, ही साधी वजाबाकी आहे. गोल लाइनवर रनिंग बॅकला ‘कोणीच नाही अशी वाट’ शोधायची नसतेच, कारण ती नसतेच. त्याला ठरवायचं असतं की तो मोकळा माणूस आपल्याला कुठून धडकला तर परवडेल. समोरून धडकला तर संपलं. बाजूने आला आणि नुसता हात टाकू शकला, तर रनर त्याला घेऊन पुढे पडतो. आणि पुढे पडणं इथे फार मोलाचं, कारण पावणेदोन-दोन मीटरचा माणूस पुढे पडला की त्याच्या पोटाशी असलेला चेंडू आपोआप जवळजवळ एक यार्ड पुढे जातो.

मग हे ठरवायचं कधी? इथे वेळेचा हिशोब करून पाहू. रनिंग बॅक लाइनच्या साधारण ७ यार्ड मागे उभा आहे, म्हणजे ६.४ मीटर. उभ्या जागेवरून निघून सरासरी सेकंदाला ४ मीटर वेग धरला तर लाइनपर्यंत पोचायला १.६ सेकंद. चेंडू हातात येतो तेव्हा यातली निम्मी वेळ गेलेली असते. उरले सुमारे पाऊण सेकंद. आता एखादा दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही माणसाला ०.२ सेकंद लागतात. आणि दिवे अनेक असतील, प्रत्येकाचं बटण वेगळं असेल, तर वेळ वाढतो. १९५२ मध्ये हिक आणि १९५३ मध्ये हायमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पर्याय दुप्पट झाले की प्रतिक्रियेचा वेळ साधारण एका ठराविक मापाने वाढतो, म्हणजे लॉगॅरिदमच्या हिशोबाने. लाइनमधल्या सात-आठ फटी आणि समोरची अकरा माणसं असं सगळं त्या पाऊण सेकंदात बघायला गेला, तर रनर बघतच राहील.

म्हणून चांगला रनर अकरा जणांकडे बघतच नाही. बघण्याचं बरंचसं काम स्नॅपच्या आधीच उरकलेलं असतं. समोरचा लाइनमन आपल्या गार्डच्या नाकासमोर उभा आहे की अर्धा पाऊल बाजूला? लाइनबॅकरचं वजन चवड्यांवर आहे का, म्हणजे तो स्नॅपबरोबर पुढे झेपावणार का? कोणत्या बाजूला एक माणूस जास्त आहे? या उत्तरांवरून आठ फटींच्या दोन उरतात. मग स्नॅपनंतर बघायचा तो एकच माणूस, ज्याला कोच लोक ‘की’ म्हणतात. उदाहरणार्थ ‘इनसाइड झोन’ नावाच्या चालीत रनरची नजर ठरावीक लाइनमनवर असते. त्याला बाहेर ढकललं गेलं तर सरळ आत घुसायचं. तो आत सरकला तर त्याच्या मागून वळायचं. सगळंच तुंबलं तर बाहेर पळायचं. अमेरिकन कोचेस याला बँग, बेंड आणि बाउन्स म्हणतात. गोल लाइनवर यातला बाउन्स जवळजवळ खोडूनच टाकायचा असतो. कारण बाहेर जायचं म्हणजे आडवं धावायचं, आणि आडवं धावणाऱ्याला पुढे पडता येत नाही. राहिले दोन पर्याय, बघायला एक माणूस. हे पाऊण सेकंदात बसतं.

त्या एका माणसाचं तरी काय बघायचं? चेहरा नाही, हातही नाही. आपल्या ब्लॉकरचं हेल्मेट त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते. हेल्मेट समोरच्याच्या डाव्या अंगाला गेलं असेल तर ब्लॉकरचं शरीर त्या बाजूने भिंतीसारखं उभं आहे, वाट तिकडे आहे. ब्लॉकरची पाठ दिसते आहे की कूस, यावरून तो जिंकतोय की हरतोय हे कळतं. आणि हो, हे सगळं होत असताना चेंडूकडे बघायचं नाही! दोन्ही हातांचा पाळणा करून ठेवायचा, चेंडू त्यात ठेवणं हे क्वार्टरबॅकचं काम. नवीन पोरं हमखास चेंडूकडे खाली बघतात आणि तेवढ्यात ०.२-०.३ सेकंद जातात.

इंग्लिशमध्ये याला ‘व्हिजन’ म्हणतात, पण हा शब्द जरा फसवा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन हे व्हिजन वाढत नाही. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोघांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला. खऱ्या डावातली पटावरची मांडणी काही सेकंद दाखवली तर मास्टर खेळाडूला ती बरीचशी आठवायची, नवख्याला चार-पाच मोहरी. पण तीच मोहरी पटावर वेडीवाकडी टाकली, तर मास्टरची आघाडी जवळपास नाहीशी! म्हणजे मास्टरची नजर किंवा स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. त्याला ओळखीचे घोळके दिसत होते. रनिंग बॅकचंही तेच. आठवडाभर व्हिडिओ पाहून, तीच चाल शेकडो वेळा चालून त्याला सात माणसं वेगवेगळी दिसेनाशी होतात, एक आकृती दिसते.

बरं, समजा दिसलं. तरी क्षणभर थांबून खात्री करून घ्यायला काय हरकत आहे? ही शंका मला खूप दिवस होती, कारण ले’व्हिऑन बेल नावाचा स्टीलर्सचाच रनर २०१६ च्या सुमारास नेमकं हेच करून नावाजला गेला. लाइनच्या मागे चक्क थबकायचा, वाट उघडेपर्यंत. मग गोल लाइनवर का नको? फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स काढा. १०० किलोचा रनर सेकंदाला ५ मीटर वेगाने येतोय, ११० किलोचा लाइनबॅकर समोरून २ मीटरने. धडकून दोघं चिकटले असं धरा. मोमेंटम ५०० वजा २२०, म्हणजे २८०; एकूण वजन २१०; दोघं मिळून रनरच्या दिशेने १.३ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकतात. पाऊण सेकंदात यार्ड मिळाला! आता रनर थबकला. त्याचा वेग २ मीटर, आणि तेवढ्या वेळात लाइनबॅकरला धाव मिळाली म्हणून त्याचा ४ मीटर. २०० वजा ४४०, उणे २४०. आता दोघं मागे चालले, सेकंदाला १.१ मीटरने. माणसं तीच, वजनं तीच, फक्त एका क्षणाच्या चलबिचलीने उत्तराचं चिन्ह बदललं. (पायांचा रेटा, चिखल, बाजूने ढकलणारे मित्र हे सगळं मी सोडून दिलंय, मेकॅनिक्सच्या सरांनी माफ करावं.) मध्यावर बेलला थबकणं परवडायचं, कारण तिथे लाइनबॅकर चार-पाच यार्ड मागे असतो आणि तोही विचारात असतो. गोल लाइनवर तो विचार करत नाही, स्नॅपबरोबर सुटतो.

अर्थात नुसतं वजनही पुरत नाही. जानेवारी १९८२ च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटी बेंगल्सला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध तीन यार्डांवरून चार प्रयत्न मिळाले होते. त्यांचा पीट जॉन्सन ११० किलोंच्या वरचा. पहिल्या धावेत दोन यार्ड, दुसरीत शून्य. तिसऱ्या प्रयत्नाला चार्ल्स अलेक्झांडरने पास झेलला, पण गोल लाइनच्या अलीकडे, आणि डॅन बन्झ या लाइनबॅकरने त्याला जागच्या जागी धरून खाली घेतलं. एक पाऊल! चौथ्या प्रयत्नाला परत जॉन्सन, परत भिंत. बेंगल्स २६-२१ ने हरले, फरक पाचच पॉइंट्सचा. अलेक्झांडरचा तो झेल मला जॉन्सनच्या धावांपेक्षा जास्त सलतो. एक पाऊल पुढे जाऊन झेल घेतला असता तर पळायची गरजच नव्हती.

भिंत खालून बंद असेल तर वरून जायचं, हा पर्यायही आहे. गोल लाइनवर डिफेन्सचे लाइनमन मुद्दाम खाली झोपून फटी बुजवतात, म्हणजे ढीग होतो कमरेएवढा आणि वरची हवा मोकळी. १ जानेवारी १९७३ च्या रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅम कनिंगहॅमने ओहायो स्टेटविरुद्ध चार टचडाउन केले, या ढिगावरून झेप घेण्यासाठीच तो ओळखला जातो. पुढे वॉल्टर पेटननेही ही झेप गाजवली. पण तिचा निर्णयही पायाशीच घ्यावा लागतो: ढीग पडला आहे हे दिसल्यावरच उडायचं. आधी उडालात आणि लाइनबॅकर उभाच असेल तर तो तुम्हाला हवेत झेलतो, आणि हवेत असलेल्या माणसाला रेटा द्यायला पाय नसतात.

पाय म्हटल्यावर ‘आइस बोल’ आलाच. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, तापमान उणे २५ सेल्सिअस. मैदानाखालची गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली होती आणि जमीन काचेसारखी झाली होती. पॅकर्स १४-१७ ने मागे, एक यार्डापेक्षाही कमी अंतर, हाताशी १६ सेकंद. आधीच्या दोन धावांत डॉनी अँडरसन घसरला होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने सरळ हिशोब केला: मागून धावत येणाऱ्याला पाय रोवता येत नाही, मग मागून यायचंच कशाला? हडलमध्ये सांगितलेली चाल फुलबॅक चक मर्सीनसाठी होती, त्यामुळे चेंडू आपल्याकडेच येणार म्हणून तो निघाला. स्टारने तो दिलाच नाही, स्वतःच गार्डच्या मागून आत घुसला. पॅकर्स २१-१७. घर्षण पुरेसं नाही हे ओळखून अंतरच शून्य करणं, याला मी तरी उत्तम इंजिनिअरिंग म्हणेन.

आता शेवटच्या फुटाचा निर्णय: चेंडू पुढे लांबवायचा की छातीशी घट्ट धरायचा? काचेची भिंत समोर आहे, हात लांबवला की टचडाउन. पण लांबवलेल्या हातातला चेंडू कोणीही उडवू शकतो, आणि तो उडून एंड झोनमधून बाहेर गेला तर नियम असा की चेंडू समोरच्यांना, त्यांच्या २० यार्डांवर. म्हणून चौथा डाउन असेल तर लांबवा, नाही तरी चेंडू जाणारच आहे. पहिला डाउन असेल तर छातीशी धरून पडा, अजून तीन संधी आहेत. आणि छातीशी धरूनही कधी कधी नशीब फिरतं. जानेवारी २००६, प्लेऑफ, तोच जेरोम बेटिस, इंडियानापोलिस कोल्ट्सच्या दोन यार्डांवर. टीम २१-१८ ने पुढे, सव्वा मिनिट उरलेलं. गॅरी ब्रॅकेटचं हेल्मेट बरोबर चेंडूवर बसलं, चेंडू उडाला, निक हार्पर तो घेऊन उलट दिशेने पळत सुटला. स्टीलर्सच्या क्वार्टरबॅकने, बेन रॉथलिसबर्गरने, मागे धावत कसंबसं त्याला पाडलं म्हणून वाचले. नंतर कोल्ट्सची किक हुकली आणि तीन आठवड्यांनी स्टीलर्स सुपर बोल जिंकले. पण पहिल्या परिच्छेदातल्या एका यार्डात १८ पॉइंट्सवाल्या माणसाच्या बाबतीत हे व्हावं!

सगळ्यात अवघड निर्णय मात्र मी शेवटी ठेवलाय: टचडाउन समोर असताना न करणं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण टीम पुढे असेल, समोरच्यांकडे टाइमआउट नसतील, तर चेंडू हातात ठेवून घड्याळ संपवणं सहा पॉइंट्सपेक्षा सुरक्षित असतं, कारण टचडाउन केला की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. डिसेंबर २००७ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स डॅलसविरुद्ध १०-६ ने पुढे होते. ब्रायन वेस्टब्रुक मोकळा सुटला, समोर कोणी नाही, आणि एक यार्डावर येऊन शांतपणे खाली बसला. लाइनमधल्या जॉन रनियनने हडलमध्येच तसं सांगून ठेवलं होतं, म्हणजे हाही निर्णय धावेच्या आधीच झालेला. डॅलसला चेंडू परत मिळालाच नाही.

फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या अहमद ब्रॅडशॉला हे उशिरा सुचलं. १५-१७ ने मागे, पण जवळून किक मारून जिंकता येणार होतं. न्यू इंग्लंडच्या खेळाडूंनी मुद्दाम वाट सोडून दिली, म्हणजे त्यांच्या टॉम ब्रेडीला थोडा तरी वेळ मिळावा. ब्रॅडशॉ एक यार्डावर थांबायला गेला, वळला, उकिडवा झाला आणि पाठमोरा एंड झोनमध्ये बसला! ५७ सेकंद उरले होते. जायंट्स २१-१७ ने जिंकले म्हणून त्याच्यावर आपण हसतो.

टॉड गर्लीला हसता आलं नाही. खरं तर ऑक्टोबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळताना, ग्रीन बेविरुद्ध, त्याने हेच अगदी बरोबर केलं होतं: मोकळं रान असूनही गोल लाइनच्या अलीकडे थांबला आणि रॅम्स २९-२७ ने जिंकले. ऑक्टोबर २०२० मध्ये तो अटलांटा फाल्कन्सकडे होता. डेट्रॉइटविरुद्ध १४-१६ ने मागे, एक मिनिट आणि चार सेकंद उरलेले, डेट्रॉइटकडे टाइमआउट नाही. थांबायचं, वेळ संपवायचा, किक मारायची. हे गर्लीला माहीत होतं, तो थांबायलाही गेला. पण सेकंदाला ५ मीटर वेगाने येणारा माणूस सेकंदाला ५ मीटर या दराने वेग कमी करू लागला, तर पूर्ण थांबायला त्याला अडीच मीटर लागतात. जवळजवळ तीन यार्ड. त्याने ब्रेक लावला तो त्यापेक्षा उशिरा. तोल गेला, तो रेषेवर कोसळला, आणि चेंडूचं टोक काचेत शिरलं. दोन जादा पॉइंट्स धरून अटलांटा २२-१६. डेट्रॉइटने उरलेल्या चौसष्ट सेकंदांत पंचाहत्तर यार्ड पार केले, घड्याळ शून्यावर असताना टचडाउन झेलला, आणि किकच्या एका पॉइंटने मॅच नेली, २३-२२.